रातकिडे कमी झालेले नाहीत, बाबा

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
बायचा साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेलच. आई, गेल्या रविवारी मी बाबांशी दहा मिनिटं बोलले. गुडघा कसा आहे विचारलं, तर म्हणाले, "हो हो, पाऊस चांगला आहे." म्हणून लिहून पाठवते आहे. बाबांनी चष्मा लावून स्वतः वाचायचं. तू मोठ्याने वाचून दाखवू नको, नाहीतर सगळी वाडी ऐकेल.

बाबा, गौरी आल्या त्या रात्री लाईट गेली होती आणि आपण दोघं पडवीत बसलो होतो, आठवतं? परसात रातकिड्यांनी नुसता कालवा मांडला होता. तुम्ही पान जमवता जमवता म्हणालात, "यंदा रातकिडे कमी झालेत गो. तणनाशकं मारतात ना हल्ली सगळे." मी "हो" म्हटलं आणि गप्प बसले. रोज पन्नास माणसांसमोर उभी राहून बोलणारी मी, पण तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. ते आज सांगते.

रातकिडे कमी झालेले नाहीत, बाबा. त्यांचा आवाज वरच्या पट्टीतला, साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपासचा असतो, आणि नेमकं तिथलंच तुमचं ऐकणं गेलं आहे. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की कान आधी तिथे बसतो. म्हणून टेम्पोचा घरघराट तुम्हाला ऐकू येतो, पण कुकरची शिट्टी येत नाही. म्हणून नातीचं बोलणं "गुळगुळीत" लागतं. स, श, फ ही अक्षरं याच वरच्या पट्टीतली. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. तुम्ही म्हणता "वय झालं." वयाचा वाटा असेलच. पण सगळं वयावर ढकलू नका.

वाडीत कुणी विचारलं की तुम्ही सांगता, "बाय कंपन्यांत सेफ्टीला आहे." ते बरोबरच आहे. पण बी.एस्सी. करून, दोन वर्षं लॅबमध्ये काढून मी सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक सुरक्षेच्या डिप्लोम्याला गेले, तेव्हा आई, तू चार दिवस नीट बोलली नव्हतीस. "कोळशाच्या बाजारात मुलीची जात कशाला?" हे तुझं वाक्य. त्या बाजारात आता पंधरा वर्षं झाली. सकाळी सहाला पनवेलहून निघते. कधी पाताळगंगा, कधी रोहा, कधी महाड. ठेकेदाराची माणसं बसवलेली असतात, बिहारची, ओडिशाची, आपल्या मंडणगडचीही. पिंपावरचं चित्र कसं वाचायचं, वाल्व्ह गळला तर आधी वारा कुठून येतोय ते कसं बघायचं, हे त्यांना शिकवते. मॅनेजर दारातून खुणावतो, "मॅडम, तासात आटपा, सह्या घ्या, फोटो काढा." चहा-बिस्किटं वेळेवर येतात, इअरप्लग मात्र पुढच्या महिन्यात.

सगळ्यात अवघड धडा सांडपाण्याच्या टाकीचा. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येणं बंद होतं आणि माणसाला वाटतं गॅस गेला. गॅस मोजायचा मीटर आत सोडल्याशिवाय उतरायचं नाही, हे सगळ्यांना पटतं. पण आत कुणी पडला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही, हे पटत नाही. अशा टाक्यांत एकामागोमाग जे जातात त्यांत वाचवायला उतरलेलेच कितीतरी असतात. बिहारमधल्या छपरा गावचा एक पोरगा मला म्हणाला, "मॅडमजी, भाई गिरेगा तो कूदेंगे ही." त्याला काय उत्तर द्यायचं? मी दोरी, तिपाई आणि चरखी मागवली. उतरणाऱ्याच्या पट्ट्याला दोरी आधीच बांधायची, म्हणजे बाहेरूनच ओढता येतो, हे तासभर त्याच्याकडूनच करवून घेतलं. खाली एक गोणी बांधली होती, ती त्याने अकरा वेळा वर ओढली.

शिकवण्याइतकंच मोजण्याचंही काम असतं. हवेतली धूळ, वाफा, आवाज. गेल्या वर्षी एका कारखान्यात कॉम्प्रेसर हाऊस मोजायला गेले. दार उघडलं आणि तोच वास, गरम तेलाचा आणि गंजाचा. लहानपणी मी तुमचा डबा घेऊन गेटवर यायचे तेव्हा तुमच्या शर्टाला यायचा तो. मीटरवर आकडा आला १०० डेसिबल. नियमाचा हिशोब असा आहे, बाबा: ९० डेसिबलला जास्तीत जास्त आठ तास, ९५ ला चार तास, १०० ला दोन तास. तुमची पाळी आठ तासांची, रिलिव्हर आला नाही की डबल. आणि कानात काय, तर आईने वातींच्या कापसातून दिलेला बोळा. त्या बोळ्याने फारसं काही अडत नाही. आई, याचं तू मनाला लावून घेऊ नको. तुमच्या दारावर पाटी होती, पण ती इंग्रजीत.

तुम्ही कामाला लागलात १९८५ मध्ये, भोपाळ नुकतंच झालं होतं. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात कलमं घातली गेली, की कामात काय धोका आहे ते मालकाने कामगाराला सांगायचं. तुम्ही २०१२ ला सुटलात. मधल्या पंचवीस वर्षांत तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मी हे वर्गात शिकवते तेव्हा उदाहरण तुमचंच देते, नाव न घेता. भरपाईचा विषय मी काढत नाही, ती कंपनीच आता राहिली नाही.

त्या कारखान्यातल्या चौदा माणसांच्या कानाच्या तपासणीचे कागद मी पाहिले. नऊ जणांची रेघ चार हजार हर्ट्झपाशी खड्ड्यात गेलेली. एक जण तर एकोणतीस वर्षांचा. मालक म्हणाले, तेवढं पान अहवालातून काढा. मी काढलं नाही, आणि त्यांचं पुढचं काम मला मिळालं नाही. आई, दिवाळीला फ्रिज घेऊन देते म्हटलं होतं, ते राहिलं त्यामागे हे आहे. फोनवर मी "जागा नाही ना स्वयंपाकघरात" अशी थाप मारली होती.

आता तुझं. गणपतीत मोरीत बघितलं, पाण्याच्या बाटलीत फरशीचं अ‍ॅसिड भरून ठेवलं आहेस, आणि ते ओतून वर ब्लीचिंग पावडर टाकतेस. त्या दोन्हीतून क्लोरिन निघतो. "मोरी घासली की खोकला येतो" म्हणतेस तो त्याचाच. दोन्ही वेगळ्या दिवशी वापर, आणि ती बाटली बदल. पोरं पाणी समजून तोंडाला लावतील. मी जगाला शिकवत फिरते आणि माझ्याच घरात हे! आणि बाबांच्या कानात कोमट तेल घालणं बंद.

चिपळूणला गुरुवारी सकाळी साडेदहाची वेळ घेतली आहे. दादा गाडी घेऊन येईल. आधी डॉक्टर मळ आहे का ते बघतील, मग तपासणी. गेलेलं परत येत नाही. कानाच्या आतल्या त्या बारीक पेशी पुन्हा उगवत नाहीत. पण मशीन लावून बोलणं बरंच कळेल. मशीन नको असेल तर नंतर भांडा माझ्याशी, आधी जाऊन या.

बाबा, तिथे काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतील. बारीक शिट्टीसारखा आवाज येईल. ऐकू आला की बटण दाबायचं. नाही आला तर दाबायचं नाही. फोनवर करता तसं "हो हो" तिथे करू नका.

तुमची,
बाय