मन निबर होतं ते वयामुळे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोदावरीतल्या पाणवेली काढायला आलेल्या कॉलेजच्या मुलांना काठावरची वडीलधारी मंडळी हमखास ऐकवतात, ‘तुमच्या वयात आम्हीही असेच होतो. दहा वर्षांनी भेटा, मग बोलू.’ वय वाढलं की कशावरच विश्वास उरत नाही आणि यालाच शहाणपण म्हणायचं, असं त्यात गृहीत असतं. हे आम्हाला मान्य नाही. मुलांचं मन निबर का होतं, याची कारणं बोट ठेवून दाखवता येतात.

पाणवेलीचंच घ्या. सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर ती पोसते आणि अनुकूल हवेत पंधरवड्यात दुप्पट होऊ शकते. नाल्यातून मैला येत राहिला तर काढलेल्या जागी ती पुन्हा पसरणारच. मुलगा तीनदा येतो, चौथ्यांदा येत नाही, आणि पुढे ‘या शहरात काही होणार नाही’ म्हणू लागतो. त्याच्या तळमळीत खोट नव्हती. आपणच त्याला कामाचं चुकीचं टोक हाती दिलं होतं.

अख्खी नदी स्वच्छ करण्याची शपथ देण्याऐवजी त्याला एक नाला द्यावा. नदीत आंघोळ करायची तर पाण्याचा बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू जेवढा प्राणवायू खातात ते प्रमाण, लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम हवा. नाला नदीला मिळतो त्या जागेच्या वरच्या आणि खालच्या अंगाला नदीच्या पाण्याचे नमुने घ्यावेत, बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोचवावेत. उशीर झाला तर आकडा बिघडतो आणि समोरच्याला तो झटकून टाकायला निमित्त मिळतं.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. बहुतेक मुलं इथे घसरतात, कारण ती ‘नाला बंद का केला नाही?’ असं विचारतात. कायद्याने मिळते ती दप्तरी असलेली माहिती. कारणमीमांसा लिहून देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. म्हणून कागद मागावा: तपोवन किंवा आगरटाकळीच्या मलजल शुद्धीकरण केंद्रात अमुक महिन्यात रोज किती पाणी आलं, किती प्रक्रिया होऊन बाहेर गेलं, त्याचा बीओडी किती, या नोंदवहीची प्रत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचं तिकीट लावून. तिथेही हाती काही लागलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथे वेळ लागतो, बराच लागतो. हे पहिल्याच दिवशी सांगितलं की मूल त्या तयारीने उतरतं. न सांगता पाठवलं की त्याला फसवल्यासारखं वाटतं.

खरी गळती आणखी एका जागी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास देतो. नमुने, अर्ज आणि दोन अपिलं एवढ्यात पुरी होतीलच असं नाही. परीक्षा संपते, मुलगा नोकरीला पुण्याला जातो, कागद त्याच्या मोबाइलमध्ये जातात आणि पुढची तुकडी पुन्हा पाणवेलीपासून सुरुवात करते. दहा वर्षं शहर असं जागच्या जागी फिरलं, तर कुणाचं मन विटणार नाही?

याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकाराने तो वर्षानुवर्षं चालला, पण दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी रस्ता बदलला. ‘काही होत नाही’ म्हणून ती माणसं घरी बसली नाहीत.

निवृत्त मंडळींना म्हणूनच विनंती आहे. कार्यालयांचे उंबरठे तुम्हाला ठाऊक आहेत, दुपारचा वेळ तुमच्याकडे आहे. प्रत्येक नाल्याची एक फाइल तुमच्या घरी ठेवा: नमुन्यांचे निकाल, अर्जांच्या पोचपावत्या, आलेली उत्तरं. मुखपृष्ठावर पुढच्या अपिलाची शेवटची तारीख मोठ्या अक्षरात लिहा आणि जूनमध्ये नवी तुकडी आली की तिच्यासमोर ती उघडून बसा.

— नदीकाठच्या कामातले काही नागरिक, पंचवटी, नाशिक