माशीचा पंचनामा कधी करता? कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सादर नमस्कार.

आमच्या भागातले सोयाबीनच्या नुकसानीचे अर्ज परत आले. शेरा सगळ्यांवर एकच: 'पिवळा मोझॅक हा रोग आहे, नैसर्गिक आपत्तीत बसत नाही.' पोळ्याच्या सुमारास वावरं पाहून गेलेल्या साहेबांनी पंचनामे होणार म्हणून सांगितलं होतं. बंद पाकिटातल्या पत्रांचं काय होतं ते ठाऊक असल्यानं हे उघड लिहितो आहोत.

आधी रोग समजून घ्या, कारण शेरा मारणाऱ्याला तो समजलेला दिसत नाही. मूग-उडदाला पिवळं करणारा विषाणूच सोयाबीनवर येतो. वाऱ्यानं, पाण्यानं किंवा डवऱ्याला लागलेल्या रसानं तो पसरत नाही. वावरात त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेते ती पांढरी माशी. रोगट पानाचा रस तिनं दहा-पंधरा मिनिटं ओढला की विषाणू तिच्या पोटात जातो, तिथून काही तासांत लाळेत उतरतो. मग ती मरेपर्यंत ज्या झाडावर बसेल त्याला रोग देत फिरते. झाडाला एक माशी पुरते. पिवळे चट्टे दिसायला त्यानंतर साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे तुमचा माणूस धुऱ्यावर उभा राहून 'आता फवारा' म्हणतो तेव्हा त्या झाडाचा निकाल कधीच लागलेला असतो. फुलोऱ्याआधी लागण झाली तर शेंगा मोजक्या आणि दाणा चिपाड. (हिरवा मोझॅक वेगळा. तो मावा पसरवतो, बियाण्यातूनही येतो. सल्ला-पत्रिकेत दोन्ही एकाच ओळीत कोंबू नका.)

आता सांगा, ही कीड नाही तर काय आहे? केंद्राच्या आपत्ती निधीच्या यादीत किडीचा हल्ला आहे. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, तेव्हा नागपूरच्या अधिवेशनात कोरडवाहू कापसाला हेक्टरी 30,800 रुपये जाहीर झाले. हातात पूर्ण किती पडले ते विचारू नका, पण कीड तरी मान्य केली होती. अळी बोंड खाते ते डोळ्याला दिसतं. माशी सोंडेनं विषाणू टोचते ते दिसत नाही, म्हणून ती निर्दोष आणि झाड आपोआप आजारी!

उपाय आम्हाला माहीत नाहीत असं नाही. पेरणीआधी बियाण्याला थायामिथोक्झाम 30 एफएस हे कीटकनाशक चोळायचं, किलोला 10 मिली. बुरशीनाशक त्याच्या आधी, रायझोबियम हे जिवाणू खत सगळ्यात शेवटी. पीक लहान असतानाच 15 बाय 30 सेंटिमीटरचे पिवळे चिकट सापळे, एकरी 64. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटमध्ये फोटोपुरते चार लावतात, ते नव्हेत. पहिली पिवळी झाडं दिसताच उपटून पुरायची. पण आधी फवारणी आणि मग उपटणी, कारण झाड हलवलं की माशा उठून शेजारच्या तासावर बसतात. ही एवढी गोष्ट कुठल्याही पत्रिकेत धड लिहिलेली नसते. औषध: बीटा सायफ्लुथ्रीन अधिक इमिडाक्लोप्रिड 7 मिली, किंवा थायामिथोक्झाम अधिक लॅम्बडा सायहॅलोथ्रीन 2.5 मिली, 10 लिटर पाण्याला. हेक्टरी 500 लिटर पाणी लागतं. माशी पानाच्या खालच्या अंगाला असते, वरून शिंपडलं तर पान धुतलं जातं, बस. नुसती सायपरमेथ्रीनसारखी औषधं पुन्हा पुन्हा मारली तर मित्रकिडी मरतात आणि माशी आणखी फोफावते.

आणि फवारा फवारा म्हणताना 2017 चं यवतमाळ आठवा. पऱ्हाटीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली त्या साली.

दुकानदार तर पिवळं पान पाहिलं की लोह, झिंक आणि टॉनिकच्या बाटल्या हातात देतो. लोहाच्या कमतरतेत कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग सारखा पिवळा पडतो. मोझॅकचे चट्टे वेडेवाकडे, हिरव्यात मिसळलेले, झगझगीत. हे ओळखून सांगणारा माणूस गावात असता तर एकरी दोन-तीन हजार वाचले असते. पण तुमच्या खात्याच्या माणसाच्या गळ्यात गावांचा हार घातलेला आणि दिवसभर तो अ‍ॅपवर फोटो चढवतो.

बियाण्याचं बोला. जेएस 335 आणि जेएस 95-60 ही वाणं या रोगाला बळी पडतात हे विद्यापीठांना माहीत आहे. जेएस 20-29, जेएस 20-69 तग धरतात. ते वेळेवर किती दुकानांत मिळाले? वर कृषी विभागानंच बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीनचा प्रचार केला. हेतू चांगला असेल, पण उन्हाळभर हिरवं सोयाबीन वावरात राहिलं की माशीला आणि विषाणूला खरिपापर्यंत मुक्काम मिळतो. पूर्वी उन्हाळ्यात वावर उघडं पडायचं, तीच साखळी तुटायची.

विम्याची तर थट्टाच आहे. 72 तासांत कळवायची सोय होती ती गारपीट, पाणी साचणं, ढगफुटीला, मोझॅकला नव्हतीच. एक रुपयाचा विमा गेला, 2025 पासून 2 टक्के हप्ता आला आणि भरपाई फक्त मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर. एकक महसूल मंडळ, म्हणजे गावांचा गट. मंडळातली अर्धी वावरं वाचली तर पिवळ्या वावराला शून्य. उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई, ते सातांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीच्या 70 टक्के (जोखीमस्तर). गणित करणाऱ्याला नमस्कार.

निधीच्या निकषात बसवलं असतं तरी कोरडवाहूला 2025 मध्ये मूळ दर हेक्टरी 8,500 होता, म्हणजे एकरी 3,400. बियाण्याची थैली आणि डीएपी खताच्या (2025 मध्ये 1,350 च्या) एका गोणीतच ते संपले असते. निंदण, डवरणी, फवारणी, कापणी, थ्रेशर धरून एकरी वीस हजारांच्या आत कोणी करून दाखवावं. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत क्विंटलला 6,000 भाव कबूल केला होता. 2025-26 चा हमीभाव 5,328. बाजारात तोही मागून घ्यावा लागतो. कृषी म्हणतं मदत व पुनर्वसनाकडे जा, ते म्हणतात कृषीचा अहवाल आणा, विमा कंपनी म्हणते मंडळ बघा. माशीला मात्र कुठल्याच टेबलाची परवानगी लागत नाही.

मागणी एकच. कीटकामार्फत आलेला विषाणू म्हणजे किडीचाच हल्ला, असा शासन निर्णय काढा आणि परत केलेले अर्ज उघडा. पंचनामे मळणीच्या आधी करा. कुटार झाल्यावर पिवळं पान कुठून दाखवायचं?

आपले,
यवतमाळ-चंद्रपूर सीमेवरचे सोयाबीन उत्पादक