आईच्या वाचनालाही घरात वेळ हवा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुले वाचत नाहीत, त्यांच्या हातचा मोबाइल सुटत नाही, ही तक्रार वर्तमानपत्रांतून आणि एरवी घरोघरीही सतत ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे, हे दोन मुलांची आई म्हणून मला मान्यच आहे. परंतु या चर्चेत घरातल्या एका माणसाच्या वाचनाचा विषय कधी निघत नाही, आणि ते माणूस म्हणजे त्या मुलांची आई. मुलांना कोणती पुस्तके आणून द्यावीत, झोपण्यापूर्वी काय वाचून दाखवावे, सुटीत कोणत्या शिबिराला घालावे, हे तिला सगळेच सांगतात. तिला स्वतःला दिवसाकाठी किती पाने वाचायला मिळतात, हे कुणी विचारत नाही. मुलांच्या वाचनाची काळजी करणाऱ्यांनी आधी तो प्रश्न विचारावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी त्रिमूर्तीनगर भागात राहते आणि सीताबर्डीला एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करते. घरात सासूबाई, यजमान, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा असे आम्ही पाच जण आहोत. पहाटे साडेपाचला दिवस सुरू होतो, सातच्या आत चार डबे भरले जातात, आणि रात्री दुधाला विरजण लावून, दुसऱ्या दिवशीची मटकी भिजत घातली की तो संपतो. यात वेगळे काही नाही. नागपुरातल्या हजारो घरांत असेच चालते. वाचनाची आवड मला लग्नाच्या आधीपासून आहे आणि ती टिकवायला सध्या माझ्या हाती दोनच ठिकाणे उरली आहेत. एक म्हणजे सुभाषनगर ते झाशी राणी चौक हा मेट्रोचा दहा-बारा मिनिटांचा प्रवास. त्यात बसायला मिळाले तर चार-पाच पाने होतात. दुसरे म्हणजे ओट्यावरचा तुरीच्या डाळीचा डबा. त्याला पुस्तक टेकवून ठेवायचे आणि कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत जेवढे होईल तेवढे वाचायचे. माझ्या बहुतेक पुस्तकांच्या पानांना हळदीची बोटे लागलेली आहेत आणि खुणेसाठी आत विजेचे बिल नाहीतर किराण्याची चिठ्ठी असते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४मध्ये केलेल्या वेळेच्या वापराविषयीच्या सर्वेक्षणाप्रमाणे घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसातली सरासरी २८९ मिनिटे त्या विनामोबदला कामात जातात, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटे जातात. मुलांची आणि आजारी माणसांची देखभाल त्यात धरलेली नाही, ती वेगळी मोजलेली आहे. २०१९च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांची नऊ. दोघांमधले अंतर २०२ मिनिटांवरून २०१ मिनिटांवर आले. हिशेबाचे काम करणारी बाई म्हणून ही वजाबाकी मी दोनदा करून पाहिली.

तरीही आकड्यांत न मावणारी एक गोष्ट आहे, आणि ती मला अधिक लागते. घरातला पुरुष वर्तमानपत्र उघडून बसला की तो वाचत आहे, हे सगळ्यांना दिसते. बाई पुस्तक उघडून बसली की ती बसली आहे, एवढेच दिसते. मग ‘बसलीच आहेस तर’ अशी सुरुवात होऊन एकेक काम पुढे येते. बसलीच आहेस तर तेवढा लसूण सोलून ठेव, बसलीच आहेस तर याची वही एकदा तपासून टाक, बसलीच आहेस तर मावशींना फोन लाव. यात कुणाच्या मनात वाईट नसते. माझ्या घरची माणसे प्रेमळ आहेत आणि मी पुस्तके विकत घेते याबद्दल आजवर मला कुणी बोललेले नाही. पण पुस्तक घेण्याची मोकळीक असणे निराळे आणि ते वाचण्याची उसंत मिळणे निराळे. २०२३च्या फेब्रुवारीत वर्ध्याला ९६वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा आम्ही सगळे एक दिवस जाऊन आलो होतो. विदर्भ साहित्य संघाच्या शताब्दीचे ते वर्ष. ग्रंथदालनात माझ्यासारख्या कितीतरी जणी मुलांना कडेला धरून पुस्तके चाळत होत्या, घासाघीस करत होत्या, पिशव्या भरत होत्या. त्या दिवशी आणलेल्या सहा पुस्तकांपैकी दोन मी अजून उघडलेली नाहीत. त्या गर्दीतल्या किती जणींची पुस्तके अशीच कपाटात राहिली असतील, हा विचार मनातून जात नाही.

माझे माहेर आर्वीचे. दिवाळीच्या आधी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवरचे डबे उतरवून खालचे कागद बदलण्याचे काम आई करीत असे, आणि त्या दिवशी स्वयंपाकाला हमखास उशीर होई. फळीवरून काढलेला वर्षभरापूर्वीच्या वर्तमानपत्राचा प्रत्येक कागद ती उभ्या उभ्या वाचूनच बाजूला टाकी. तेलाच्या डब्याखालच्या कागदावर मागच्या बाजूची अक्षरे पुढे उमटलेली असत. तो कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरून, दोन्ही बाजूंची अक्षरे निराळी करीत ती वाचत राही. आम्ही भावंडे भूक लागली म्हणून ओरडत असू, आणि ‘तुला मेली आत्ताच वाचायची हौस’ असे आजी म्हणे. आज चाळिशी ओलांडल्यावर मला कळते की तो तिचा वाचनाचा हक्काचा वेळ होता आणि तो तिला वर्षातून एकदाच मिळत होता. मला वाचनाची गोडी लागली ती त्या दिवसांमुळे. वडील आम्हाला रोज ‘वाचत जा’ असे सांगत; त्याचा काही उपयोग झाल्याचे मला आठवत नाही. आईच्या हातातल्या त्या तेलकट कागदात एवढे काय असते, हे बघायला मात्र मी स्टुलावर चढून तिच्या खांद्यावरून डोकावत असे.

म्हणून मुलाने वाचावे असे वाटत असेल तर त्याने आधी आईला वाचताना पाहिले पाहिजे, आणि तेही घाईघाईने, चोरून नव्हे, तर निवांत बसून. आई दिवसभर कामात दिसते आणि मुलाला मात्र ‘पुस्तक घेऊन बस’ म्हणते, तेव्हा वाचन हे लहानांच्या मागे लावलेले एक काम आहे, मोठे झाले की त्यातून सुटका होते, अशीच त्याची समजूत होते. वडिलांना वाचताना पाहूनही मुले शिकतील, हे खरेच आहे आणि ते व्हायलाही हवे. पण बहुतेक घरांत मुलाचे लक्ष ज्या माणसाच्या हालचालींवर दिवसभर असते ती आई असते, आणि तिच्या हातात पुस्तक नसणे हे मुलाला फार लवकर उमगते.

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी थोडा निराळा अनुभव आला. उर्वरित महाराष्ट्रात जूनच्या मध्याला शाळा उघडतात तेव्हा आमच्याकडचे ऊन उतरलेले नसते. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्याकडे सरकतात. त्या लांबलेल्या सुटीत दुपारी घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते. रविवारी दुपारी कूलरमध्ये पाणी भरून, खिडक्यांना ओले पडदे लावून आम्ही सगळे एकाच खोलीत असू. सासूबाईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन झालेले आहे आणि बारीक अक्षर त्यांना सोसत नाही, म्हणून मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. बालभारतीचे ‘किशोर’ हे मासिक १९७१पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. माझ्या जन्माच्याही आधीच्या एका अंकाची काही पाने मी छापून आणली होती. कूलरची घरघर एवढी असते की शब्द पोचवायचा तर आवाज चढवूनच वाचावे लागते, आणि त्यामुळे पलीकडे मोबाइलवर खेळणाऱ्या मुलाच्याही कानावर गोष्ट पडू लागली. तिसऱ्या रविवारी माझा घसा बसला, तेव्हा ‘मी वाचू का आजीला’ असे त्याने आपणहून विचारले.

तो इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहे. मराठी वाचताना ‘उत्स्फूर्त’सारख्या शब्दापाशी अडतो, रफार पुढच्या अक्षरावर आहे की मागच्या, असे विचारतो. सासूबाई पडल्या पडल्या त्याला शब्द पुरवीत. एका गोष्टीत ‘कोथिंबीर’ हा शब्द आला, तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, ‘आजी, कोथिंबीर म्हणजे आपला सांबारच ना, मग पुस्तकात सांबार का नाही लिहिलं?’ त्यावर सासूबाईंनी वऱ्हाडातले आणखी दहा-बारा शब्द काढले, जे पुस्तकात क्वचित दिसतात आणि आमच्या घरातूनही आता जात चालले आहेत. ती गोष्ट त्या दुपारी पुरी झाली नाही आणि तिची कुणाला घाईही नव्हती. राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणे २०२०च्या कायद्याने सक्तीचे झाले, याचा मला मनापासून आनंद आहे, पण त्या तासाला मिळणारे गुण आणि या दुपारी यांत फार अंतर आहे. आणि या दुपारी मिळाल्या त्या केवळ रविवारी स्वयंपाक एकवेळचाच करायचा आणि रात्री खिचडी टाकायची, असे आम्ही ठरवल्यामुळे.

आता वाचनालयांविषयी. आमच्या भागापासून थोड्या अंतरावरच्या एका वाचनालयाची मी वर्गणीदार होते. ते सकाळी आणि संध्याकाळी काही तास उघडे असे. मी कार्यालयातून परतून स्वयंपाक आटोपेपर्यंत ते बंद होई आणि रविवारी त्याला सुटी असे. एकदा अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी मुलाला घेऊन गेले. मुलांची पुस्तके काचेच्या कपाटात कुलूपबंद होती. त्याने काचेवर बोट ठेवून एक पुस्तक दाखवले, तेव्हा किल्ली ज्यांच्याकडे असते ते आलेले नाहीत आणि मुले पाने फाडतात म्हणून कपाट उघडे ठेवता येत नाही, असे सांगण्यात आले. परतताना मुलगा विचारत होता की मग ती पुस्तके तिथे ठेवली कशाला आहेत. सांगणाऱ्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे जे अनुदान मिळते, त्यातच पुस्तके, भाडे आणि पगार भागवणाऱ्या लहान वाचनालयांची ओढाताण मला दिसते, आणि पुस्तक फाटले तर त्याचा जाब त्या कर्मचाऱ्यालाच द्यावा लागत असेल. पण भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१मध्ये जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले चौथे ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असे आहे. ज्या वाचकाकडे दिवसाचे एक तासही स्वतःचे नाही, तिच्या बाबतीत हे सूत्र सर्वांत आधी लागू व्हायला हवे. आठवड्याची सुटी रविवारऐवजी सोमवारी घेणे, दोन संध्याकाळी नऊपर्यंत दार उघडे ठेवणे आणि मुलांचे एक तरी कपाट कुलपाविना ठेवणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडेल. शाळांनाही एक सुचवावेसे वाटते. प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, असे २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. पालकसभेच्या दिवशी आम्ही आया वर्गाबाहेर तासभर ताटकळत असतो. त्या वेळी ते ग्रंथालय आमच्यासाठी उघडून घरी न्यायला एकेक पुस्तक दिले, तर ते मुलांच्या देखत आमच्या हातात येईल.

घरापुरते म्हणाल तर आम्ही जूनपासून रात्री नऊ ते साडेनऊ ही वेळ माझ्या वाचनासाठी ठरवून ठेवली आहे. मागचे आवरणे त्या वेळात यजमान आणि मुलगा आळीपाळीने करतात. मुलीला ओट्याशी उभी करून आईला मोकळी करणे मला मान्य नाही, कारण मग पंचवीस वर्षांनी तिलाही डाळीच्या डब्याला पुस्तक टेकवावे लागेल. सुरुवातीचे आठ दिवस मलाच बसवत नव्हते, भांड्यांचा आवाज आला की उठावेसे वाटे. आता मुलगी तिचे पुस्तक घेऊन शेजारी येऊन बसते. मुलगा कधी बसतो, कधी बसत नाही. त्याला मी बोलावत नाही.

आपल्याला एक विनंती आहे. शहरातल्या दैनंदिन कार्यक्रमांची माहिती आपण छापता, त्याच जागेत आठवड्यातून एकदा नागपूरच्या निरनिराळ्या भागांतील वाचनालयांची नावे, उघडण्याच्या वेळा, वर्गणी आणि बालविभाग आहे की नाही, एवढा मजकूर द्यावा. आमच्या कार्यालयातल्या तीन मैत्रिणींना त्यांच्या घराजवळ वाचनालय आहे की नाही, हेच ठाऊक नाही. रविवारी उघडी असणारी वाचनालये त्यात ठळक अक्षरांत छापली, तर उत्तम.

आपली नम्र,
एक वाचक आई
त्रिमूर्तीनगर, नागपूर