मांडीतील गाठ आणि आपला एक ‘थांबा’

कोल्हापूर

आदरणीय डॉक्टर मॅडम,

स. न. वि. वि.

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या थोरल्या बंधूंना, दादांना, उजव्या मांडीच्या सोनोग्राफीसाठी मी आपल्याकडे घेऊन आलो होतो. त्या दिवशी समक्ष नीट बोलता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमचे घर तालमीतले, आणि लाल मातीत वाढलेल्या माणसाच्या मांडीला सूज दिसली की तिला एकच नाव असते, मुका मार. वर्षभर हळदीचा लेप, शेक आणि वस्तादांचे मालिश चालू होते. त्यानंतर एका दवाखान्यात ‘रक्त साकळले असेल किंवा पाण्याची गाठ असेल, काढून टाकू’ असे सांगून शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली होती आणि सोनोग्राफी केवळ औपचारिकता म्हणून सांगितली होती. गाठ दुखत नव्हती, त्यामुळे आम्हीही निर्धास्त होतो.

आपण मात्र तपासता तपासता दादांना विचारलेत, की मार लागला तेव्हा कातडी काळीनिळी पडली होती का, आणि साकळलेले रक्त असेल तर वर्षभरात ते ओसरायला हवे होते, वाढले कसे? मारामुळे अशी गाठ होत नाही, बहुतेक वेळा मार लागल्यावर आधीपासून असलेल्या गाठीकडे लक्ष जाते, हे मला तेव्हा प्रथमच कळले. गाठ 9 सेंटिमीटरची होती आणि स्नायूंच्या आवरणाच्या आत, खोल होती. 5 सेंटिमीटरहून मोठी, खोलवरची आणि वाढत जाणारी गाठ दुखत नसली तरी कर्करोगाच्या दृष्टीने संशयितच मानावी, असे सांगून आपण म्हणालात, “थांबा. एमआरआय झाल्याशिवाय हिला कोणीही सुई किंवा सुरी लावायची नाही.” बाहेर रुग्णांची रांग लागलेली असताना, सुईमुळे आत रक्तस्राव झाला तर नंतरचे चित्र गढूळ होते, हे आपण आम्हा अडाण्यांना कागदावर काढून समजावलेत.

एमआरआयच्या वेळी कॉन्ट्रास्टचा, म्हणजे चित्र स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून देण्याच्या औषधाचा, खर्च आणि इंजेक्शन नको म्हणून मी हुज्जत घातली, त्याची आज लाज वाटते. साध्या चित्रांत गाठ पाण्यासारखी पांढरीशुभ्र दिसत होती आणि तेवढ्यावर ‘पाण्याची गाठ’ असाच निष्कर्ष निघाला असता. मूत्रपिंडे नीट आहेत ना हे पाहण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन तपासून कॉन्ट्रास्ट दिल्यावर जे पाणी वाटत होते तेच आतून उजळले, म्हणजे तेथे रक्तपुरवठा असलेली जिवंत ऊती होती, आणि बारकाईने पाहता चरबीचे अंधुक धागेही आपल्याला सापडले. मांडीची मुख्य रक्तवाहिनी गाठीपासून किती अंतरावर आहे, हेही आपण रिपोर्टमध्ये लिहिलेत. ती एक ओळ पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी दोनदा वाचली.

बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा सुईने काढून तपासणे, आपण लगेच करू शकला असता. परंतु सुईची वाटही पुढे गाठीबरोबर काढावी लागते, तेव्हा ती शस्त्रक्रियेच्या चिरेच्या रेषेतूनच जायला हवी, म्हणून आपण मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये जाण्यास सांगितलेत आणि फिल्मसोबत सविस्तर चिठ्ठी दिलीत. निदान मिक्सॉइड लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या ऊतीचा एक कर्करोग, असे आले. हा आजार फुप्फुसांखेरीज मणक्यांतही जाऊ शकतो, म्हणून छातीच्या सीटी स्कॅनबरोबर मणक्याचा एमआरआयही झाला, आणि दोन्ही स्वच्छ निघाले. आधी 25 दिवस किरणोपचार, मग शस्त्रक्रिया, असे सगळे पार पडले. पाय वाचला. ठरलेल्या तारखेला ती गाठ पाण्याची समजून उघडली गेली असती, तर पेशी आसपास पसरून पुढची शस्त्रक्रिया किती मोठी करावी लागली असती, हे तेथील डॉक्टरांनी सांगितले तेव्हा वहिनींनी आपले नाव घेऊन हात जोडले.

दादा आता कुस्ती खेळत नाहीत, पण रोज पहाटे तालमीतल्या हौदाच्या कडेला बसून पोरांना डाव सांगतात. पुढची तपासणी येत्या महिन्यात आपल्याकडेच करायची आहे. तुलनेसाठी जुन्या फिल्म आणायला आपण बजावले होते. वहिनींनी त्या दुमडू नयेत म्हणून कपाटात साड्यांच्या घडीखाली सपाट ठेवल्या आहेत, त्या सगळ्या घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
दादांचा धाकटा भाऊ