मनगटाचा झटका नव्हे

महोदय,

हिमाचलातील तीर्थन खोऱ्यातल्या ट्राउट मासेमारीवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडला. मात्र मनगटाच्या हलक्या झटक्याने गळाची नकली माशी पाण्यावर टाकावी, हा त्यातील सल्ला नवशिक्याला हमखास चुकीच्या वाटेला लावणारा आहे, आणि त्या वाटेने मी स्वतः दोन हंगाम चाललो असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे नदीवर गळ टाकताना शिशाचे किंवा आमिषाचे वजन दोरीला ओढून नेते. फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे अशा नकली माशीने मासे पकडताना, नेमके उलटे असते. पिसे आणि धागा गुंडाळून केलेल्या माशीला वजन जवळपास नसतेच. वजन असते ते जाड दोरीत, आणि फेकायची असते तीही दोरीच. ट्राउटसाठी सर्रास वापरतात त्या पाच नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट सुमारे ९ ग्रॅम भरतात. एवढ्याशा वजनाने नऊ फुटी काठी वाकायची, तर दोरी आधी पाठीमागे पूर्ण सरळ व्हावी लागते आणि तोवर हात थांबवावा लागतो. हा थांबाच सर्वांत अवघड, कारण दोरी असते मागे आणि आपली नजर पुढच्या पाण्यावर. घाई केली की चाबूक कडाडल्यासारखा आवाज होऊन माशी तुटते. मनगट मागे कलंडले की दोरी खाली पडून झुडपात अडकते. पहिल्या दिवशी माझ्या पाच माश्या काठच्या झाडांनी नेल्या, ट्राउटने एकही नाही.

अखेर तिथल्या एका वृद्ध वाटाड्याने काठीचे बूड माझ्या सदऱ्याच्या बाहीत खोचले, वर बटण लावले आणि मला नदीपासून दूर गवतावर उभे केले. मनगट वळेनासे झाले आणि काठी घड्याळातल्या दहा आणि एक या आकड्यांच्या आतच फिरू लागली. दर वेळी मान वळवून दोरी सरळ झाल्याचे पाहायचे आणि मगच हात पुढे आणायचा, एवढाच त्यांचा धडा होता. आता पुण्यात मी माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून रोज सकाळी मैदानावर हेच करतो. (मुले विचारतात, ‘काका, पतंग कुठंय?’)

नदीतले शिक्षण यानंतरचे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, म्हणून त्याच्या मागून, खालच्या अंगाने जावे. मधली धार वेगवान असली, तर ती दोरीला आणि दोरी माशीला ओढते. अशी फरफटणारी माशी ट्राउट सहसा घेत नाही. त्यासाठी दोरी पाण्यावर पडताच तिचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकावा लागतो.

हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते. मैदानावरच्या सरावाला हे चार महिने पुरेसे आहेत. लेखासोबतच्या छायाचित्रात हातातला मासा तेवढा ठळक दिसतो. पुढच्या वेळी दोरी मागे सरळ ताणली गेल्याच्या क्षणाचे एखादे छायाचित्र छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे