निपुण किती, हे मोजायचे कोणी?

संपादक महोदय,

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांच्या भिंतींवर केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाची उद्दिष्टे रंगवलेली आहेत. उद्दिष्टे वाईट नाहीत. ५ जुलै २०२१ रोजी अभियान सुरू झाले. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे, असे ठरले. दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत, तिसरीच्याने किमान ६०, तेही अर्थासह. दुसरीत ९९९ पर्यंतच्या संख्या, तिसरीत ९९९९ पर्यंत. यात धूसर काहीच नाही. घोळ होतो तो किती मुलांना हे येते याचा आकडा भरताना. जो शिकवतो तोच तपासतो, तोच माहिती भरतो आणि टक्का घसरला तर खुलासाही त्यालाच मागितला जातो. अशा व्यवस्थेत टक्का घसरणार कसा?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांनी नवी उद्दिष्टे जाहीर करण्याआधी मोजणीची पद्धत बांधून घ्यावी, एवढेच सांगायचे आहे.

वाचनाची चाचणी बालभारतीच्या पाठावर घेऊ नये. पहिल्या दोन-तीन पाठांवर बोट ठेवले की निम्मा वर्ग डोळे मिटून म्हणून दाखवतो. त्याला पाठांतर म्हणतात. उतारा न पाहिलेला हवा आणि संपूर्ण तालुक्याला एकच हवा. मराठीत साठ शब्द म्हणजे किती, हे उताऱ्यावर ठरते. 'आई घरी आली' हे तीन शब्द आणि 'शेजाऱ्यांच्या विहिरीजवळच्या चिंचेखाली' हेही तीनच. एका शाळेत पहिल्या प्रकारचा उतारा आणि दुसऱ्या शाळेत दुसऱ्या प्रकारचा दिला, तर तुलना कसली करणार? जोडाक्षरे, रफार, अनुस्वार किती असावेत हे आधी ठरवून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने प्रत्येक इयत्तेचे आठ-दहा उतारे तयार ठेवावेत आणि कोणता वापरायचा ते चाचणीच्या सकाळी कळवावे.

मोबाइलवर एक मिनिट लावायचे, वाचलेल्या शब्दांतून चुकलेले वजा करायचे, मग उतारा मुलासमोरच ठेवून तीन प्रश्न विचारायचे. तोंडी उत्तर अहिराणीत आले तर ते बरोबर धरावे. 'रामू बाजाराला गेला' हे वाचून मूल 'तो बजारले गया' म्हणाले, तर त्याला अर्थ कळला याचा याहून चांगला पुरावा नाही. तपासणारा बाहेरच्या जिल्ह्यातला असला की नेमके हेच उत्तर चुकीत जाते. एका मुलाला चार-पाच मिनिटे लागतात, म्हणजे वीस मुलांचा वर्ग दीड-पावणेदोन तासांत होतो. हे काम शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाने करावे, पण अदलाबदल नको. अ शाळेचा शिक्षक ब मध्ये, ब चा क मध्ये, क चा अ मध्ये, अशी साखळी लावावी. नाहीतर तू माझे सांभाळ, मी तुझे सांभाळतो, हे ठरलेलेच.

छेदस्थानी पट घ्यायचा की हजेरी, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पटावर ४० मुले, चाचणीला हजर २८, त्यांतली २४ वाचतात. हजेरीवर हिशेब केला तर ८६ टक्के, पटावर केला तर ६०. अहवालात जातो तो ८६. गैरहजर बारा कोण? साक्री, नवापूर, अक्राणीकडची ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेलेल्या घरांतली, नाहीतर कापूस वेचणीच्या दिवसांत धाकट्या भावंडाला सांभाळणारी. ज्यांच्यासाठी अभियान आहे, तीच छेदातून गळतात. म्हणून टक्केवारी पटावरच काढावी आणि चाचण्यांचे दिवस जिल्ह्याच्या चालीप्रमाणे धरावेत: पहिली जुलैत, दुसरी दिवाळीच्या सुटीआधी, तिसरी होळीच्या आगेमागे, कारण स्थलांतरित कुटुंबे होळीला गावी येतात. एप्रिलमध्ये ऊन आणि सकाळची शाळा, तेव्हा हजेरी आपोआपच पडते.

गणितात तर बरोबर-चूक मोजून भागतच नाही. चूक कोणती, ते पाहावे लागते. ५२ वजा २७ चे उत्तर वर्गातल्या पाच-सहा मुलांनी ३५ लिहिले असेल, तर ती बेपर्वाई नव्हे. मुलांनी प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केले: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. वहीवर लाल फुली मारून हे सुटत नाही. पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून सात काढायला सांगावे. मूल अडते, एक गठ्ठा सोडते, सुट्या बारा होतात, त्यांतून सात गेल्या की पाच उरतात, उरलेल्या चार गठ्ठ्यांतून दोन गेले की दोन. हातचा कुठून येतो ते तेव्हा कळते. ५०३ वजा २६८ सारख्या, मध्ये शून्य असलेल्या वजाबाकीकडे त्यानंतर वळावे. चाचणीच्या तक्त्यात 'चुकीचा प्रकार' असा एक रकाना वाढवला, तर शिक्षकाला पुढच्या पंधरवड्याचे काम तिथेच सापडते. सध्याच्या माहितीत फक्त गुण असतात आणि त्या गुणांचा वर्गात काही उपयोग होत नाही.

अध्यापनाच्या गुणवत्तेचे उद्दिष्ट सहसा प्रशिक्षणाच्या तासांत मांडले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकासाठी वर्षाला ५० तास सांगितले आहेत. ऑनलाइन प्रशिक्षणात व्हिडिओ चालू ठेवून मोबाइल खिशात टाकला तरी प्रमाणपत्र मिळते. शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेतही, परिपत्रकांचे वाचन झाले की चहा येतो. त्यापेक्षा जवळपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखाने महिन्यातून एकदा तरी एक तासिका पूर्ण बसून पाहावी आणि तीन गोष्टी लिहाव्यात: किती मुले बोलली, मागच्या बाकावरच्या मुलाला काय येते, आणि द्विशिक्षकी शाळेत एका इयत्तेला शिकवत असताना दुसरी काय करत होती. शेरेबुकात 'शाळेस भेट दिली, अभिलेखे पाहिले, काम समाधानकारक' असे लिहून कुणाचे भले झालेले नाही. अर्थात ज्या केंद्रांचा कारभार प्रभारींवर आहे, तिथे ही अपेक्षा करणेही अन्यायाचेच. आधी पदे भरा.

दोनच शिक्षक असतील तर रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवावी. तिसरी ते पाचवीची मुले वाचनाच्या पायरीप्रमाणे बसवावीत: अक्षर-शब्दवाली एका शिक्षकाकडे, परिच्छेद-गोष्टवाली दुसऱ्याकडे. दर सहा आठवड्यांनी गट बदलावेत. गट वर्षभर तसेच राहिले तर खालचा गट म्हणजे 'ढ' वर्ग, हा शिक्का बसतोच, आणि मुलांना तो फार लवकर कळतो. पावरी-भिली बोलणाऱ्या मुलांच्या पहिलीत सुरुवातीचे महिने त्यांच्याच बोलीत गेले पाहिजेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे असेच म्हटले आहे. नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकाला तिथल्या दोन-अडीचशे शब्दांची यादी देणे तालुक्याला अवघड नाही.

वेळेचाही हिशेब मागावा. याच कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास हवेत, म्हणजे दिवसाला चार तास. त्यातला एक तास फोटो पाठवण्यात, मतदारयाद्यांत आणि तातडीची माहिती भरण्यात गेला, तर वर्षाचा चौथा हिस्सा गेला. शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला लावायला कलम २७ मनाई करते; जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच सूट देते. प्रत्यक्ष शिकवलेले तास शाळेने फळ्यावर लिहावेत आणि शाळा व्यवस्थापन समितीने ते पाहावेत. समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात.

निकाल कमी आला म्हणून कारणे दाखवा नोटीस काढली, तर पुढच्या वेळी आकडा सुधारेल, मुले नाहीत. कमी निकालाच्या शाळेला पंधरा दिवसांत साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकाला मार्गदर्शन करणारी व्यक्ती, मिळावी. आणि बदली झालेल्या शिक्षकाने कार्यमुक्त होताना पदभाराच्या यादीत टेबल-खुर्च्यांबरोबर प्रत्येक मुलाच्या वाचन-गणिताच्या पायरीचा तक्ताही सोपवावा. आज तो तसा सोपवला जात नाही आणि नवा शिक्षक जूनमध्ये पुन्हा 'अ आ इ' पासून सुरू करतो.

— एक निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी, शिरपूर (जि. धुळे)