नजर, लेन्स आणि आषाढातली बुरशी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘फोटो कॅमेरा काढत नाही, माणूस काढतो’ असा सूर लावणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. १९८८ पासून म्हापशात माझा फोटो स्टुडिओ आहे. हे वाक्य इतक्यांदा कानावर आलेय, की आता ते कोणी म्हटले की मी आधी त्याच्या खांद्यावरची बॅग बघतो. बहुधा ती जड असते.

लेखकाचे म्हणणे खोटे नव्हे. माझा पहिला कॅमेरा जुन्यात घेतलेला याशिका, दोन लेन्सचा, वरून वाकून बघायचा. एका रोलला १२ फोटो. लग्नाला तीन रोल नेत असे, म्हणजे ३६ फोटोंत मुहूर्त, सप्तपदी, पंगत आणि रुसलेली मावशी सगळे बसवायचे. अक्षता पडताना बोट चुकले तर चुकले, कोणी पुन्हा लग्न लावत नाही. थांबायचे कसे ते त्या कॅमेऱ्याने शिकवले. पण त्याची लेन्सही उत्तम होती, हे विसरून कसे चालेल?

आता शिगम्याचे, म्हणजे आमच्याकडच्या होळीच्या सणाचे बघा. गेल्या वर्षी एक मुलगा दुकानात आला. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून त्याला लाखाच्या वर किमतीचा कॅमेरा घेऊन दिला होता, आणि रोमटामेळाचे, म्हणजे ढोलताशांच्या मिरवणुकीचे सगळे फोटो हललेले. खोक्यात कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स झूम केली की ५.६ वर अडते (हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). त्याच कंपनीची माझी जुनी ५० मिलिमीटरची लेन्स १.८ पर्यंत उघडते, म्हणजे जवळजवळ दहापट उजेड आत घेते. पहिल्या लेन्सला सेकंदाचा विसावा भाग लागतो, तेवढ्यात ढोलवाल्याचे हात धूर होऊन जातात. दुसरीला तेवढ्याच उजेडात दोनशेवा भाग पुरतो. मी त्याला ती दोन दिवस वापरायला दिली. परत आला तेव्हा ढोलवाल्याच्या कपाळावरचा घाम मोजता येत होता. मुलगा तोच आणि त्याची नजरही तीच.

मोबाईल पुरतो म्हणणाऱ्यांनी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जावे, सलीम अली अभयारण्यात खारफुटीतून होडीने फिरावे आणि फांदीवरचा खंड्या टिपून दाखवावा. निळा ठिपका येतो.

तरी माझे खरे गाऱ्हाणे वेगळेच आहे. आमच्या गोव्यात कोणता कॅमेरा घ्यावा यावर पाने भरून लिहितात, पण घेतलेला सांभाळायचा कसा, यावर अवाक्षर नाही. जून ते सप्टेंबर इथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. १९९६ च्या पावसाळ्यात मी माझी सगळ्यांत महागाची लेन्स तिच्या चामड्याच्या पेटीत घालून कपाटात ठेवली. गणेश चवथीला काढून बघतो तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे! चामडे ओल धरून ठेवते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. मुंबईला धाडून साफ करून आणली, पण काचेवरचा लेप बुरशीने खाल्ला तो खाल्लाच. दिव्यासमोर धरली की अजून धुके दिसते.

खरे तर उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलचे निळे दाणे आणि आर्द्रता दाखवणारा एक लहानसा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. दाणे गुलाबी झाले की ओल पिऊन बसले असे समजावे. गरम केले की पुन्हा निळे होतात. (स्वयंपाकाची कढई मात्र वापरू नये. मी वापरली होती आणि आठवडाभर ऐकून घेतले.) कुणी सल्ला विचारला तर मी सांगतो, बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, जुनी चालेल, आधी लेन्स घे आणि त्याच दिवशी डबा.

ती धुके धरलेली लेन्स मी टाकलेली नाही. काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे. कोणी नवा कॅमेरा दाखवायला आला की आधी ती उजेडात धरून बघायला देतो. लेखकमहाशयांनीही यावे. फक्त शुक्रवार टाळावा, बाजारामुळे त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही.

आपला नम्र,
एक स्टुडिओवाला, म्हापसा